पानशेत १९६१: एका लेखाचे मथळे कसे ठरले

लेख चांगला होता, हे आधीच सांगायला हवे. पुण्याच्या इतिहासावर हौसेने लिहिणाऱ्या एका गटाने पानशेतच्या पुरावर, म्हणजे १२ जुलै १९६१ला पुण्याजवळचे पानशेत धरण फुटून शहरात आलेल्या पुरावर, अडीच हजार शब्दांचा मजकूर तयार केला होता. जुने फोटो परवानगी घेऊन मिळवले होते, नकाशाही काढला होता. त्यावर मथळा असा:

स्मृती प्रलयाच्या: पुण्याच्या इतिहासातील एका काळ्याकुट्ट दिवसाचा मागोवा

स्मृतिदिनी, १२ जुलैला सकाळी, लेखाचा दुवा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांवर गेला. हात जोडलेले इमोजी भरपूर आले, लेख उघडणारे मोजकेच निघाले. गुगलवरून तर जवळजवळ कुणीच फिरकले नाही. मग गट मथळ्यांचे काम करणाऱ्याकडे आला. मागणी साधी होती: मथळा जरा आकर्षक करून द्या.

पहिला संशय लांबीवर गेला. मथळा मोजणाऱ्या एका मोफत साधनात तो टाकल्यावर आकडा आला ७१, आणि शेजारी लाल पट्टी. ही साधने बहुतेक इंग्रजीसाठी बनवलेली असतात आणि संगणकाचे कोड मोजतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, अनुस्वार हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. 'पूरग्रस्तांच्या' हा शब्द डोळ्याला पाच अक्षरांचा, पण साधनाच्या लेखी पंधरांचा. वरच्या मथळ्यात प्रत्यक्ष अक्षरे आहेत अठ्ठावीस. गुगलने मथळ्याला अक्षरांची मर्यादा घातलेली नाही. पडद्याच्या रुंदीत बसेल तेवढे दिसते, बाकीचे कापले जाते. त्यामुळे मराठी मथळा साधनावर मोजण्यापेक्षा साध्या फोनवर उघडून पाहावा. लांबी हा या मथळ्याचा दोष नव्हता.

दोष असा, की आठ शब्दांत पानशेत नाही, धरण नाही, पूर नाही, साल नाही. 'प्रलय' आहे, पण तो कुठलाही असू शकतो. 'काळाकुट्ट दिवस' म्हटल्यावर कुणाला प्लेग आठवेल, कुणाला आणखी काही. आणि शेवटचा 'मागोवा'. मागोवा, आढावा, वेध, दृष्टिक्षेप ही मंडळी मथळ्यात आली की समजावे, आत काय आहे हे लिहिणाऱ्यानेही अजून ठरवलेले नाही. दिवाळी अंकात असा मथळा चालून जातो. तिथे अंक हातात असतो, पैसे देऊन झालेले असतात, बाजूला चित्र असते, वाचक पान उलटणारच असतो. फोनवर मथळा एकटा उभा असतो. वर गुड मॉर्निंग, खाली कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ.

मग गुगल सर्च कन्सोल उघडले. पान कोणत्या शोधांमध्ये दिसले, किती वेळा दिसले, किती जणांनी क्लिक केले आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होते, हे तिथे फुकट कळते. मथळ्याचे काम करणाऱ्याने कल्पनाशक्ती ताणण्याआधी ही यादी वाचावी, कारण लोकांनी आपले प्रश्न तिथे स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवलेले असतात. या पानाच्या यादीत साधारण चार जातींचे शोध होते. 'पानशेत धरण का फुटले', 'पानशेत धरण कधी फुटले' हे एक. तेच रोमन लिपीत, अर्ध्या इंग्रजीत, 'पानशेत डॅम बर्स्ट रीझन' छापाचे दुसरे. 'पानशेत पूर माहिती', त्यातही ऱ्हस्व 'पुर' लिहिलेले भरपूर, हे तिसरे. आणि चौथे: 'पानशेत धरण कोणत्या नदीवर आहे'.

हा चौथा प्रश्न स्पर्धा परीक्षांचा. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसलेल्या मुलांना उत्तर हवे असते एका शब्दाचे: आंबी. फार तर जलाशयाचे नाव, तानाजीसागर. त्यांना अडीच हजार शब्द नको असतात. आकडा फुगवायचा म्हणून मथळ्यात 'नदी' घातली असती तर ही मुले आली असती आणि दोन सेकंदांत गेलीही असती. हा वाचक सोडून द्यायचा असे ठरले. आलेला प्रत्येक शोध आपलाच, असे मानले की मथळ्याची खिचडी होते.

पुढची पायरी कंटाळवाणी, पण तीच निर्णायक ठरली. लेख कागदावर छापून घेतला आणि प्रत्येक परिच्छेदापुढे समासात एकच गोष्ट लिहिली: हा परिच्छेद कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो? पहिल्या चार परिच्छेदांपुढे काहीच लिहिता आले नाही. तिथे आषाढातला पाऊस होता, मुठेचे वर्णन होते, पेठांमधली शांत पहाट होती. धरण का फुटले हे नवव्या परिच्छेदात. पाणी शहरात कसे शिरले, लकडी पुलावरून कसे वाहिले, हे त्यानंतर. शेवटच्या तृतीयांशात पूरग्रस्तांचे पुनर्वसन आणि त्यातून उभ्या राहिलेल्या वसाहती. म्हणजे एका लेखात तीन लेख, आणि तिघांचे वाचक वेगळे. तिन्ही झाकणारा मथळा काढायला गेले की 'मागोवा' हाच शब्द हाताशी येतो. गटाने तो उगीच निवडला नव्हता. त्या मजकुराला दुसरा मथळा बसतच नव्हता.

मथळा सुचत नसेल तर आधी मजकूर तपासावा. दहातल्या निम्म्या वेळा दुखणे तिथेच असते.

म्हणून लेखाचे दोन भाग करायचे ठरले. पहिला धरणाचा: ते का फुटले आणि त्या दिवशी काय झाले. दुसरा वसाहतींचा. पहिल्या भागासाठी एक कसोटी लावली: या मजकुरात असे काय आहे, जे दोन मिनिटांत दुसऱ्या माणसाला सांगावेसे वाटेल? उत्तर नवव्या परिच्छेदातच दडले होते. धरणाचे बांधकाम पुरे झालेले नव्हते, तरी पावसाळ्यात पाणी साठले. पाणी सोडण्याच्या मोरीच्या जागी लोखंडी सळ्या घातलेले काँक्रीट हवे होते, तिथे साधे काँक्रीट होते. मातीचा बांध खचू लागला तेव्हा लष्कराचे जवान रात्री वाळूची पोती रचत राहिले, आणि फुटणे लांबले. १२ जुलैला धरण फुटले तेव्हा उजाडले होते, लोक जागे होते. पुढे खडकवासल्याचे धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही. वाळूच्या पोत्यांची ही गोष्ट लेखात तीन ओळींत उरकली होती.

आता मथळे. एका बैठकीत वीस-पंचवीस लिहायचे, हातचे राखायचे नाही, वाईटही कागदावर येऊ द्यायचे. पहिले पाच-सहा नेहमी एकाच साच्याचे निघतात: पानशेतच्या आठवणी, पानशेतची जखम, मुठेचा कोप. ते निघून गेल्याशिवाय पुढचे येत नाहीत. दहाव्या-बाराव्यानंतर हात मोकळा होतो. मग खोडाखोड. कोणता मथळा का गेला, हे राहिलेल्या मथळ्यांइतकेच महत्त्वाचे.

'पानशेत धरण का फुटले? कारण वाचून थक्क व्हाल' हा पहिल्या फटक्यात गेला. मोरीच्या काँक्रीटबद्दल वाचून अभियंता हळहळेल, सामान्य वाचक विचारात पडेल. थक्क व्हायचे की नाही ते त्याचे त्याला ठरवू द्यावे.

'‘या’ एका चुकीमुळे बुडाले पुणे'. मराठी वेबसाइटांचा हा लाडका अवतरणातला 'या'. नाव झाकायचे आणि झाकले आहे हे अवतरणचिन्हांनी दाखवायचे. वाचक आता या 'या'ला ओळखतो. २०१६ मध्ये फेसबुकने माहिती मुद्दाम दडवणारे मथळे मागे टाकण्याचे जाहीर केले, ते याच जातीच्या मथळ्यांसाठी. पण इथे त्याहून मोठी अडचण खरेपणाची होती. चूक एक नव्हती. अर्धवट बांधकाम, पाण्याची पातळी आणि मोरी, तिन्ही मिळून धरण गेले. 'एका' हा शब्द खोटा पडत होता.

'पानशेतच्या पुराला जबाबदार कोण?' हा मथळा गटातल्या बऱ्याच जणांना आवडला होता. प्रश्नार्थक मथळ्याला पुण्यात मोठी परंपरा आहे. १८९७ मध्ये केसरीत 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' छापून आले होते. पण तो प्रश्न विचारणाऱ्याने खालच्या मजकुरात आपली बाजू ठणकावून मांडली होती. या लेखात जबाबदारीची चर्चाच नव्हती, चौकशीचा उल्लेख दोन वाक्यांत संपत होता. आत उत्तर नसेल तर बाहेर प्रश्न टांगू नये. 'का फुटले?' चालतो, कारण त्याचे उत्तर आत आहे. 'कोण?' चालत नाही.

बळींचा आकडा असलेले तीन मथळे एकत्रच बाद झाले. मृतांची संख्या वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी सापडते. मजकुरात ती मतभेदासह देता येते. मथळ्यात खुलाशाला जागा नसते. आकडा मथळ्यात जरूर घालावा, पण ज्याबद्दल वाद नाही असा. इथे असा आकडा एकच होता, साल.

आणि याच सालावरून सगळ्यात धोकादायक मथळा लक्षात आला. यादीत सतराव्या-अठराव्या क्रमांकावर एक छोटा, जोरदार मथळा होता: 'पानशेत धरण फुटले, पुणे पाण्याखाली'. वाचायला झकास. आता हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात व्हॉट्सअॅपवर गेला असे धरा. बाहेर पाऊस, खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्याची बातमी, भिडे पूल वाहतुकीला बंद. सिंहगड रस्त्याच्या नदीकाठच्या सोसायटीतल्या आजींच्या फोनवर तो फॉरवर्ड होऊन पोचला, तर त्या दुवा उघडून तारीख बघत बसणार नाहीत. मुलाला फोन लावतील. शहरात अफवा उठवायला एवढे पुरते. मथळ्यात साल नंतर घातले तरी भागत नाही, कारण कापला जातो तो शेवट. 'पानशेत धरण फुटले तेव्हा पुण्यात काय झाले, १९६१ च्या…' याचा पहिला तुकडाच पडद्यावर राहतो आणि तो आजची बातमी वाटतो. जुन्या आपत्तीवर लिहिताना साल पहिल्या दोन शब्दांत आलेच पाहिजे. हा नियम या प्रकरणात सौंदर्याच्या सगळ्या मुद्द्यांच्या वर ठेवला.

मराठी वाक्याची ठेवणही इथे आड येते. आपले क्रियापद शेवटी येते, त्यामुळे कापलेल्या मथळ्यात काय घडले हेच जाते आणि 'च्या-च्या'ची माळ उरते: 'पानशेत धरणफुटीच्या दुर्घटनेच्या कारणांच्या…'. उपाय दोन. एकतर नाव आणि साल पुढे घेऊन विसर्गचिन्हासारखे दोन टिंब द्यायचे आणि नंतर छोटे वाक्य. नाहीतर क्रियापदे मध्येच येतील अशी दोन तुटक वाक्ये करायची. दोन्ही वापरले.

कारण मथळा एकच असायला हवा असे नाही. पानाला तो चार ठिकाणी लागतो, आणि चारही ठिकाणचा वाचक वेगळ्या अवस्थेत असतो.

टायटल टॅग, म्हणजे गुगलच्या निकालात दिसण्यासाठी दिलेले शीर्षक: 'पानशेत १९६१: धरण का फुटले?' इथला माणूस प्रश्न घेऊन आलेला असतो. त्याला त्याचाच प्रश्न परत दिसला की पुरे, अलंकार नको. इथे एक तांत्रिक गफलतही सापडली. वेबसाइटच्या थीमने, म्हणजे पानांच्या तयार साच्याने, प्रत्येक पानाच्या शीर्षकात आधी गटाचे लांबलचक नाव, मग घोषवाक्य आणि शेवटी लेखाचे नाव अशी रचना केली होती. सगळ्या पानांची सुरुवात सारखी असली की गुगल ते शीर्षक बाजूला ठेवून पानावरचा दुसरा मजकूर मथळा म्हणून दाखवू शकते. २०२१ पासून पानावरचे मोठे शीर्षक त्यासाठी अधिक वापरले जाते. सेटिंगमध्ये क्रम उलटा केला: आधी लेख, शेवटी गटाचे छोटे नाव.

पानावरचे मोठे शीर्षक: 'पानशेत १९६१: अपुरे धरण, वाळूची पोती आणि १२ जुलैची सकाळ'. वाचक आत आलेला आहे, थोडा ऐसपैस बोललेले चालते. मात्र गुगलवरून आलेल्याला आपण चुकीच्या दारात आलो असे वाटू नये, म्हणून पहिले दोन शब्द तेच ठेवले.

व्हॉट्सअॅप-फेसबुकच्या चौकटीत दिसणारे शीर्षक वेगळे देता येते, आणि खरी मेहनत तिथे. हा माणूस काहीच शोधत नसतो. त्याच्यासाठी पोत्यांची गोष्ट. पहिला खर्डा होता: 'जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून पानशेत दिवसा फुटले'. दोन दुरुस्त्या झाल्या. साल पुढे आले. आणि 'म्हणून' काढला. पोत्यांनी वेळ लांबवली हे लेख सांगतो, पण केवळ त्यामुळेच सकाळ उजाडली अशी खात्री मथळ्यात देणे जरा जास्त होत होते. उरले ते: '१९६१: जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पानशेत फुटले ते दिवसा'. स्वल्पविरामाच्या दोन बाजू वाचक स्वतः जोडतो. मघाच्या साधनावर याचे ६२ येतात, म्हणजे पुन्हा लालच. फोनवर तो दोन ओळींत नीट बसला.

चौथी जागा पानाच्या वेब-पत्त्याची, म्हणजे दुव्याच्या शेवटी येणाऱ्या तुकड्याची (स्लगची). देवनागरीत ठेवला तर दुवा चिकटवताना एकेका कोडाची नऊ चिन्हे होतात. नुसते 'पानशेत' चौपन्न चिन्हांचे. ग्रुपवर ती टक्केवारीच्या खुणांची माळ पाहून लोक दुव्याला हात लावत नाहीत. रोमन लिपीत पानशेत, डॅम आणि साल, एवढेच ठेवले.

मथळे ठरल्यावर लेख परत हातात घेतला. पोत्यांचे वचन बाहेर दिले आहे, तर ती गोष्ट पहिल्या पडद्यावर दिसायला हवी. तीन ओळींचे दोन परिच्छेद केले आणि वर आणले. पावसाचे चार परिच्छेद गेले. गटातल्या एकांना त्याचे वाईट वाटले, आणि ते स्वाभाविक होते. गद्य खरोखर चांगले होते. मग पडताळणी: लेख न वाचलेल्या तिघांना फक्त मथळा फोनवर वाचून दाखवायचा आणि 'आत काय असेल?' एवढेच विचारायचे. फोनवर का, तर डोळ्याला सहज वाटणारे जोडाक्षरांचे अडथळे कानाला लगेच कळतात. उत्तर आतल्या मजकुराशी जुळले तर मथळा पास. 'आवडला का?' हे विचारू नये. ओळखीची माणसे हो म्हणतात.

बदलानंतर कोणत्या मथळ्याला जास्त क्लिक, याची चाचणी घ्यावी असा आग्रह झाला. एवढ्याशा वाचकसंख्येत ती फसवी ठरते. समजा एक मथळा हजार वेळा दिसून १२ जणांनी उघडला आणि दुसरा हजार वेळा दिसून १७ जणांनी. हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. नकारात्मक शब्द घाला, त्याने क्लिक वाढतात, अशीही सूचना आली. त्यामागे खरा अभ्यास आहे. अपवर्दी या अमेरिकी वेबसाइटच्या एक लाखाहून अधिक मथळ्यांवरचे संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी लांबीच्या मथळ्यात प्रत्येक जादा नकारात्मक शब्दामागे क्लिकचे प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढलेले दिसले. पण ही वाढ मूळ प्रमाणाच्या २.३ टक्के. चाळीस क्लिकमध्ये ती एकाचीही भर घालत नाही. त्यासाठी 'हाहाकार' लिहायची गरज नव्हती.

त्याऐवजी एक वही केली: तारीख, कोणत्या जागचा मथळा, जुना, नवा. एका वेळी एकच जागा बदलायची आणि सर्च कन्सोलमध्ये आधीचे चार आठवडे, नंतरचे चार आठवडे शेजारी ठेवून पाहायचे. जुलैची तुलना ऑक्टोबरशी करायची नाही, कारण पाऊस आणि स्मृतिदिन गेला की पानशेत शोधणारेच कमी होतात. सरासरी क्रमांक तोच राहून क्लिकचे प्रमाण वाढले तर श्रेय मथळ्याला. क्रमांकही वर गेला असेल तर नुसत्या मथळ्याला देऊ नये. व्हॉट्सअॅपचा हिशेब निराळा. तिथली चौकट पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होऊन जाते, त्यामुळे आधी गेलेल्या मेसेजमध्ये जुनाच मथळा राहतो. नवा मथळा दिसायचा तर दुवा नव्याने पाठवावा लागतो. फेसबुकसाठी मात्र त्यांच्या शेअरिंग डीबगर या साधनात पत्ता टाकून साठवलेली जुनी चौकट ताजी करून घ्यावी लागते.

दुसऱ्या लेखाचा मथळा मात्र दहा मिनिटांत झाला: 'लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर: पानशेतच्या पुरानंतर वसलेले पुणे'. इथे हुशारी करण्यासारखे काही नव्हते. ज्याला आपल्या भागाचे नाव दिसले त्याने तो उघडला, आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तिथल्या चर्चेत लोकांनी आजोबांच्या घरांचे पत्ते लिहायला सुरुवात केली, तेव्हा त्यातून तिसऱ्या लेखाची मागणी पुढे आली: त्या दिवशी पाणी कुठल्या गल्लीत कुठवर चढले होते. त्याचा मथळा आत्ताच ठरवून टाकू, असे गटाचे म्हणणे आहे. पेठांमधल्या इमारतींवरच्या पाण्याच्या खुणा प्रत्यक्ष पाहून, जागा आणि उंची टिपून झाल्याखेरीज तो ठरवायचा नाही, असे सध्या ठरले आहे. पहिल्या लेखाचा रोमन लिपीतला वेब-पत्ता यापुढे तसाच ठेवायचा आहे. पुढच्या १२ जुलैला नवे पान न करता याच पानावर भर घालायची आणि बदलायची ती फक्त व्हॉट्सअॅपची चौकट.